स्कीच्या सुट्टीतून मुलांना नेमके काय मिळते?

युरोपातल्या कित्येक देशांत शाळांना फेब्रुवारीच्या सुमारास आठवडाभराची सुट्टी असते. मुलांना बर्फात खेळता यावे म्हणून ती सुरू झाली असेल असे कोणालाही वाटेल. खरे कारण काही देशांत तरी इंधन होते. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची चणचण भासू लागली तेव्हा स्वीडनने १९४० साली ऐन थंडीत शाळा आठवडाभर बंद ठेवल्या. वर्ग उबदार ठेवायला लागणारे इंधन तेवढेच वाचले. स्वित्झर्लंडमध्येही युद्धकाळात हेच झाले. ऑस्ट्रियात ही सुट्टी १९७३च्या तेलसंकटानंतर, १९७४च्या फेब्रुवारीत आली आणि तिचे नावच मुळी ‘ऊर्जा-सुट्टी’ असे पडले. संकटे सरली, सुट्टी मात्र राहिली. मोकळ्या झालेल्या मुलांचे काय करायचे, या प्रश्नावर डोंगर उशाशी असलेल्या देशांना फार विचार करावा लागला नाही. आज स्वीडनमध्ये ही सुट्टी वर्षाच्या सातव्या ते दहाव्या आठवड्यांत प्रदेशवार वाटून दिलेली असते आणि फ्रान्समध्ये देशाचे तीन विभाग करून ती मागेपुढे ठेवतात. एरवी सगळा देश एकाच शनिवारी डोंगराच्या रस्त्याला लागेल.

या आठवड्याभोवती मोठा व्यवसाय उभा आहे आणि त्याच्या माहितीपत्रकांत मुलांना होणाऱ्या फायद्यांची यादी ठरलेली असते: मोकळी हवा, भरपूर व्यायाम, कुटुंबाची जवळीक, वाढता आत्मविश्वास. यादी खोटी नाही, पण तिच्यातल्या सगळ्या गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. पुरावे तपासत गेले की क्रम जवळजवळ उलटा लागतो. सर्वांत पुढे केला जाणारा आरोग्याचा दावा एका आठवड्यापुरता तरी सर्वांत लंगडा आहे. कुटुंब जवळ येते हे बऱ्याच अंशी खरे, पण त्याची कारणे माहितीपत्रकात सापडत नाहीत. आणि विकणारा ज्याचा उल्लेख शक्यतो टाळतो तो धोका हीच मुलाच्या पदरात पडणारी सर्वांत मोलाची गोष्ट आहे. अर्थात तो मोजूनमापून दिलेला असला पाहिजे आणि त्याच्याशी दोन हात मुलाला स्वतः करू दिले पाहिजेत.

मुलांना बर्फातून काय मिळते या प्रश्नाचा गंभीरपणे विचार कुटुंबांच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्यांच्याही आधी, शाळांनी केला. पॅरिसला लागून असलेल्या वाँव या गावी माक्स फूरेस्तिए नावाच्या डॉक्टरांनी १९५० साली एका शाळेत प्रयोग सुरू केला: सकाळी अभ्यास, दुपारी मैदान. त्याच प्रयोगातून १९५३च्या जानेवारीत एक अख्खा वर्ग, शिक्षकांसकट आणि दप्तरांसकट, साव्हुआ प्रांतातल्या ला फेक्ला या डोंगरगावी गेला. फ्रान्समधल्या ‘बर्फातल्या वर्गां’ची ती सुरुवात. अभ्यासाचे तास कमी होऊनही मुले मागे पडली नाहीत आणि त्यांची प्रकृती सुधारली, असा प्रयोगकर्त्यांचा निष्कर्ष होता. आजच्या संशोधनाच्या कसोट्यांवर तो कितपत टिकेल याची शंका घेता येते. उत्साही शिक्षक आणि डॉक्टरांचे सतत लक्ष एवढ्यानेही मुले सुधारतात, बर्फ असो की नसो. स्वित्झर्लंडमध्ये १९४१पासून १३-१४ वर्षांच्या मुलांसाठी एक राष्ट्रीय स्की शिबिर भरते. हल्ली ते लेंक या गावी होते, सुमारे सहाशे मुले असतात आणि त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून होते. ऑस्ट्रियात शाळेचा स्की आठवडा कित्येक दशके अभ्यासक्रमाचा जवळजवळ सक्तीचा भाग होता. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. स्कीइंग ही श्रीमंतांच्या मुलांची चैन आहे, हे मानायला या समाजांनी नकार दिला. पोहणे जसे सगळ्यांना यायला हवे तसेच हे, अशी त्यामागची भूमिका होती.

आता आरोग्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे चांगला दम लागेल अशी हालचाल करायला हवी. २०१६पर्यंतच्या आकडेवारीवर आधारलेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुले यात कमी पडत असल्याचे आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, मुलग्यांत ७८. स्कीच्या दिवसात मूल चार-पाच तास बाहेर असते. त्यातला बराच वेळ रांगेत आणि डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर जातो हे धरले तरी ६० मिनिटांचा हिशेब सहज पुरा होतो. पण असे दिवस वर्षातून सहा. उरलेल्या तीनशे एकोणसाठ दिवसांचे काय, याचे उत्तर डोंगरात नाही, घराजवळच्या मैदानात आहे. उघड्यावर वेळ घालवल्याने चष्मा लागायचे प्रमाण कमी होते, हा दावा पाहा. त्यामागे भक्कम संशोधन आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले तेव्हा तीन वर्षांनंतर लघुदृष्टीचे नवे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के भरले. मात्र तो रोजचा, सलग तीन वर्षांचा उपाय होता. एका आठवड्याच्या उन्हाने डोळ्यांचे नशीब बदलत नाही. उलट त्या आठवड्यात डोळे जपावे लागतात, कारण ताजे बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते आणि दर हजार मीटर उंचीमागे हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. डोळ्यांवर गॉगल आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही क्रीम हवे; ऊन तिथे खालून येते.

स्वीडनमधल्या वासालोपेट या ९० किलोमीटरच्या स्की-शर्यतीत भाग घेतलेल्या सुमारे दोन लाख लोकांचा माग काढणारा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. इतरांच्या तुलनेत या लोकांना पुढे चिंताविकार जडण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. ‘स्कीइंग मनाला चांगले’ असे सांगताना हा आकडा हमखास पुढे केला जातो. पण ९० किलोमीटर जाणारी माणसे महिनोन्महिने तयारी करतात. ती मुळातच धडधाकट असतात, प्रौढ असतात आणि त्यांचे स्कीइंग सपाटीवरचे, दमसासाचे असते. त्यावरून सात वर्षांच्या मुलाच्या सहा दिवसांच्या सुट्टीविषयी काही ठरवणे म्हणजे ओढाताण आहे. आरोग्याच्या बाजूने प्रामाणिकपणे म्हणता येईल ते वेगळेच. हा खेळ फार लांब टिकतो. फुटबॉल, कबड्डी बहुतेकांच्या आयुष्यातून पंचविशीच्या आसपास निघून जातात. साल्झबुर्गमध्ये सरासरी ६७ वर्षे वयाच्या माणसांना बारा आठवडे प्रशिक्षकांसोबत स्कीइंग करायला लावले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद वाढलेली दिसली. चार वर्षांच्या नातवाने आणि सत्तरीच्या आजोबांनी एकाच उतारावर, एकाच दिवशी, आपापल्या परीने करावा असा खेळ दुसरा चटकन आठवत नाही. लहानपणीचा आठवडा उपयोगी ठरतो तो या लांबच्या वाटेचे पहिले पाऊल म्हणून.

कुटुंबाच्या जवळिकीविषयी संशोधन आहे, पण ते स्कीपुरते नाही, एकूण फुरसतीविषयी आहे. रॅमन झाब्रिस्की आणि ब्रायन मॅककॉर्मिक या अमेरिकी अभ्यासकांनी २००१ साली मांडलेली विभागणी इथे कामाला येते. घरातल्या नेहमीच्या, स्वस्त, सहज होणाऱ्या गोष्टी, म्हणजे एकत्र जेवण, पत्त्यांचा डाव, संध्याकाळचा फेरफटका, यांतून आपलेपणा टिकतो. क्वचित घडणाऱ्या, नव्या, थोड्या अवघड गोष्टींतून कुटुंब बदलाशी जुळवून घ्यायला शिकते. दोन्ही लागतात, आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही. वर्षभर एकमेकांशी धड न बोलणारे घर बर्फात जाऊन एकजीव होईल, ही आशा त्यामुळे फोल आहे. हे निष्कर्ष परस्परसंबंध दाखवणारे आहेत, कार्यकारण सिद्ध करणारे नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. मुळातच सुखी असलेली कुटुंबे एकत्र सहलीला जास्त जात असतील. तरीही स्कीच्या सुट्टीची रचना पाहिली तर तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या समुद्रकिनाऱ्यावरच्या किंवा स्थलदर्शनाच्या सुट्टीत सहसा नसतात.

पहिली म्हणजे ताटातूट. शहाणी कुटुंबे सकाळी मुलाला स्की शाळेत सोडतात आणि दुपारी सगळे एकत्र फिरतात. आईबापांनी स्वतःच शिकवायला घेतले की प्रकरण अर्ध्या तासात रडण्यावर येते. बापाला वाटते मूल मुद्दाम ऐकत नाही, मुलाला वाटते बाबा रागावलेत, आणि मोजे ओले झालेले असतात. परका प्रशिक्षक हे ओझे काढून घेतो. फ्रान्समधल्या स्की शाळांत पिलांच्या वर्गापासून अस्वलाचे पिल्लू, हिमकण, पहिली तारका, दुसरी तारका अशा पायऱ्या असतात आणि आठवड्याच्या शेवटी छातीवर बिल्ला लागतो. मोठ्यांना हा पोरखेळ वाटेल. पण मुलाला दुपारी सांगण्यासारखे स्वतःचे काहीतरी त्यातून मिळते, आणि ते त्याने आईबापांच्या नजरेआड मिळवलेले असते. सुट्टीत चोवीस तास एकमेकांच्या अंगावर असण्यापेक्षा तीन तास दूर राहून मग भेटणे नात्याला अधिक मानवते.

दुसरी गोष्ट म्हणजे पारडे फिरणे. मूल जमिनीच्या जवळ असते, पडले तर कमी लागते, आणि ते शब्दांपेक्षा बघून शिकते. चाळिशीत पहिल्यांदा स्की चढवलेला बाप प्रत्येक वळणाआधी विचार करतो. मूल वळून गेलेले असते. दोन-तीन हंगामांत बहुतेक घरांत मुले पुढे आणि आईबाप मागे असा क्रम लागतो. शाळा, पैसा, भाषा, निर्णय या सगळ्यांत कायम मोठ्यांच्या मागे असणाऱ्या मुलाला खाली थांबून ‘या सावकाश’ असे म्हणण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते. म्युनिक, झुरिक किंवा स्टॉकहोमला स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर हे पहिल्या दिवसापासूनच घडू शकते. मूल शाळेबरोबर बर्फात जाऊन आलेले, आणि आईबापांनी आयुष्यात बर्फ पाहिले ते विमानातून उतरल्यावर. आपल्या मुलासमोर नवशिके होणे आपल्याकडच्या पालकांना जड जाते. ते या उतारावर टाळता येत नाही, आणि ते बरेच आहे. शिवाय लिफ्टच्या खुर्चीवरची ती दहा मिनिटे असतात. हातात जाड मोजे, त्यामुळे फोन निघत नाही. शेजारी बसलेले, दोघांची तोंडे पुढे. किशोरवयीन मुले समोरासमोर बसवून विचारले तर बोलत नाहीत, अशी बाजूला बसून बोलतात.

आता धोका. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधक एलेन सॅन्डसेटर यांनी बालवाडीच्या मुलांचे निरीक्षण करून जोखमीच्या खेळाचे प्रकार नोंदवले: उंची, वेग, धोकादायक हत्यारे, पाणी-आगीसारख्या धोकादायक गोष्टींच्या जवळ खेळणे, झोंबाझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणे. मुले हे खेळ आपणहून शोधतात आणि भीती व उत्कंठा यांच्या सीमेवर राहायचा प्रयत्न करतात. २०११ साली लीफ केनेर यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी असे सुचवले की या खेळांमुळे लहानपणच्या नैसर्गिक भीतीचे वयानुसार शमन होते. ते नाकारले तर भीती रेंगाळण्याचा संभव वाढतो. हा अजून सिद्धान्तच आहे, अंतिम पुरावा नव्हे. पण त्याच्या उजेडात स्कीचा उतार पाहिला की लक्षात येते, उंची, वेग आणि थोडे नजरेआड जाणे या तीनही गोष्टी इथे एकाच वेळी, आणि तरीही हाताळता येतील अशा मात्रेत मिळतात. शहरातल्या मुलाच्या वाट्याला हे क्वचितच येते. तिथे उंची गजाआड असते आणि वेग दुसऱ्याच्या हातात.

शिकण्याचा तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. नवशिक्यांच्या सौम्य उतारावर, सरकत्या पट्ट्यावरून वर आलेले पाच वर्षांचे मूल स्कीची टोके जवळ आणि शेपट्या लांब करून उभे असते. हा त्याचा ब्रेक. प्रशिक्षक खाली, तोंड मुलाकडे करून, उलटा घसरत असतो. उतार जरा तीव्र झाला की मूल घाबरते आणि मागे रेलते. त्यात डोक्याचे वजन शरीराच्या मानाने जास्त, त्यामुळे मागे बसण्याची सवय आधीच असते. मागे रेलल्याबरोबर स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब जातो, स्की वळेनाशी होते आणि सुसाट पळते. भीती जे करायला सांगते तेच इथे घात करते. वळायचे असेल तर अंग दरीच्या बाजूला, खाली, द्यावे लागते. नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर टेकल्या, वजन बाहेरच्या पायावर आले, की स्की शहाण्यासारखी वळते. हे कोणी कितीही समजावले तरी समजत नाही. अंगाला एकदा कळले की मग विसरत नाही. घाबरलेले असताना नेमके काय करायचे याचा हा धडा मुलाला पाचव्या वर्षी, हाडामांसातून मिळतो. हा धडा परीक्षेच्या किंवा भाषणाच्या भीतीत आपोआप उपयोगी पडतो असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. एका क्षेत्रातले कौशल्य दुसऱ्यात तसेच उतरते, यावर मानसशास्त्राचा फारसा विश्वास नाही. पण ‘मला भीती वाटली आणि तरी मला जमले’ ही आठवण मुलाच्या स्वतःच्या मालकीची होते, एवढे तरी नक्की.

या धोक्याला नियमांचे कुंपण आहे, हेही महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम १९६७पासून जगभरच्या उतारांवर लागू धरले जातात. त्यांतला गाभा असा की वरून येणाऱ्याने खालच्याची काळजी घ्यायची. पुढच्याला पाठीमागे डोळे नाहीत, म्हणून जबाबदारी मागच्याची, ज्याला वेग आहे त्याची. अरुंद जागी थांबायचे नाही, निघताना वर बघायचे, अपघात दिसला तर मदत करायची. हॉर्न वाजवला की आपली जबाबदारी संपली असे मानणाऱ्या आपल्या रस्त्यांवरून गेलेल्या कोणालाही या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको. आठ वर्षांचे मूल हा नियम पाठ करत नाही, त्यात वावरते.

‘पण हातपाय मोडले तर?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड बोलून टाळता येणार नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यास साधारणपणे हजार स्की-दिवसांमागे दोन ते तीन इजा दाखवतात. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण चार जणांचे कुटुंब सहा दिवस खेळले तर चोवीस स्की-दिवस होतात. म्हणजे साधारण पंधरा-वीस कुटुंबांमागे एका कुटुंबात कोणाला तरी उपचाराची गरज पडेल अशी इजा होणार. मुले आणि नवशिके यांच्यात प्रमाण बहुधा जास्तच. यातल्या बहुतेक इजा मुरगळणे, खरचटणे, मनगट दुखावणे अशा असतात, पण सगळ्याच नाहीत. धोका कमी करता येतो, त्याचे पुरावे चांगले आहेत. नॉर्वेतल्या आठ स्की केंद्रांवरच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेल्मेट घालणाऱ्यांत डोक्याला मार लागण्याचा धोका ६० टक्क्यांनी कमी दिसला. २०१०च्या एका एकत्रित विश्लेषणात हा फायदा ३५ टक्के भरला. हेल्मेट घातले की माणूस बेफाम होतो, ही भीती बहुतेक अभ्यासांत खरी ठरलेली नाही. इटलीने २००५ साली १४ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचे केले आणि २०२२ साली ती मर्यादा १८ वर नेली. बुटाला स्कीशी धरून ठेवणाऱ्या पकडी ठरावीक जोरानंतर सुटतात. त्या सुधारल्यामुळे १९७०च्या दशकापासून नडगीचे हाड मोडण्याचे प्रमाण खूप घटले. गुडघ्याच्या अस्थिबंधांबाबत मात्र तसे झाले नाही. या पकडी मुलाचे वजन, उंची, वय आणि कसब पाहून बसवतात, म्हणून भाड्याच्या दुकानात मुलाच्या तयारीविषयी बढाई मारू नये. मात्र शिकवणीने इजा कमी होतात असे सरसकट म्हणता येत नाही. त्याबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. शिकवणी घ्यायची ती मूल रडू नये आणि शिकावे म्हणून, विमा म्हणून नव्हे.

याहून गंभीर आक्षेप मला वेगळा वाटतो. मोजलेला धोका मुलाने स्वतः पत्करला तरच त्याचा फायदा आहे. वर नेऊन ढकलून दिले तर तो नुसता धाक. पैसे भरलेत, आठवडाच हातात आहे, शेजारच्यांचा मुलगा लाल खुणेच्या अवघड उतारावरून येतो, या घाईत पालक मुलाला त्याच्या कुवतीपलीकडे नेतात आणि ते मूल पुढे कधी बूट घालायला तयार होत नाही. या बाबतीत नॉर्वेची शिस्त पाहण्यासारखी आहे. तिथल्या मुलांच्या क्रीडानियमांनुसार अकरा वर्षांच्या आधी निकाल आणि क्रमवारी लावत नाहीत, आणि तेरा वर्षांच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. याच देशाने २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकांसह ३७ पदके मिळवली, लोकसंख्या जेमतेम ५४ लाख असताना. नियमांमुळेच पदके मिळाली असे यावरून सिद्ध होत नाही. बर्फ, पैसा आणि परंपरा तिथे भरपूर आहेत. पण लहानपणी पळवले नाही तर मुले मागे राहतात, हा युक्तिवाद तरी यापुढे करता येऊ नये. थंडीचेही तसेच. लहान शरीर उष्णता लवकर गमावते. बोटे गार पडलेल्या मुलाला ‘आणखी एक फेरी’ म्हणणे ही शिकवण नव्हे. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी तासभर पुरतो. पहिल्या दोन दिवसांत त्याने नुसते बर्फाचे गोळे केले तरी काही बिघडत नाही.

पैशांचा आक्षेप सर्वांत मोठा, आणि त्याला अर्धेच उत्तर आहे. लिफ्टचा पास, भाड्याची सामग्री, शिकवणी, आणि नेमक्या शाळेच्या सुट्टीत दुप्पट होणारे राहण्याचे दर; बहुसंख्य युरोपीय कुटुंबांनाही हे परवडत नाही. फायदे खरे असतील तर ते फक्त ज्यांच्याकडे आधीच सगळे आहे त्यांच्याच मुलांना मिळतात, ही टीका रास्त आहे. उत्तर जिथे सापडले तिथे ते सामूहिक व्यवस्थेतून आले. नॉर्वेत ‘बूआ’ नावाची योजना मुलांना खेळाची सामग्री वाचनालयातल्या पुस्तकासारखी फुकट वापरायला देते. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात पाचवीच्या मुलांना अनेक केंद्रांवर ठरावीक दिवसांचा फुकट पास मिळत असे. स्विस शिबिरातल्या चिठ्ठ्या त्याच जातीच्या. फायद्याचा दावा जितका ठामपणे करावा तितकी या व्यवस्थांची बाजू बळकट होते, कारण मग ती चैन उरत नाही.

भारतातल्या वाचकाला यातले काय लागू पडते? गुलमर्गला १९२७ सालापासून स्की क्लब होता, तिथे सरकारी प्रशिक्षण संस्था आहे आणि केबल कारचा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. पण गुलमर्गच सुमारे २,६५० मीटरवर आहे; आल्प्समधली बहुतेक स्की गावे याहून बरीच खाली असतात. मुलाला घेऊन जाणाऱ्याने पहिला दिवस-दीड दिवस नुसता श्वास जुळवण्यासाठी राखून ठेवावा. आपल्याकडून उन्हाळ्यात निघणाऱ्या स्वित्झर्लंडच्या सहलींत युंगफ्राउयोख किंवा टिटलिसवर दोन तास बर्फ तुडवणे असते. तो आनंद खरा, पण वर सांगितलेल्या फायद्यांशी त्याचा संबंध नाही. बर्फ बघण्याने नव्हे, त्यावर पडून पुन्हा उभे राहण्याने काम होते. त्या अर्थाने राजगडाची वाट स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीने चढलेले मूल त्या फायद्याच्या बरेच जवळ असते. गडावर नसतो तो वेग.

शेवटचा आक्षेप हवामानाचा, आणि तो या सगळ्या चर्चेच्या मुळावर येतो. स्कीच्या सुट्टीच्या कार्बन-भारातला मोठा वाटा उतारांचा नसून तिथवर पोचण्याचा असतो. रेल्वेने गेलेले कुटुंब आणि विमानाने गेलेले कुटुंब यांच्यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. युरोपातल्या २८ देशांतल्या २,२३४ स्की केंद्रांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तापमान २ अंशांनी वाढले तर कृत्रिम बर्फाविना ५३ टक्के केंद्रांना अपुऱ्या बर्फाचा अतिशय मोठा धोका संभवतो. ४ अंशांनी वाढले तर ९८ टक्के केंद्रांना. कृत्रिम बर्फ बनवला तर हे आकडे अनुक्रमे २७ आणि ७१ टक्क्यांवर येतात, पण त्यासाठी पाणी आणि वीज लागते. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतारही उघडेबोडके पडले होते. मुलांच्या दृष्टीने यातली खरी मेख सरासरीत नाही, उंचीत आहे. कमी उंचीवरच्या, शहराजवळच्या, एक-दोन लिफ्टच्या छोट्या टेकड्यांवर बर्फ आधी संपतो. त्याच टेकड्यांवर शाळेच्या बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, पास स्वस्त असतो आणि डबा घरून नेलेला चालतो. त्या बंद पडत गेल्या की उरतात ती उंचावरची, मोठी, महाग केंद्रे, जिथे शिकायला थोडेच जातात, ज्यांना स्की आधीच येते तेच जास्त जातात.